आंघोळीआधीचा भात

मे महिन्यात आमच्या परसामागचा कालवा कोरडा पडतो. मेट्टूर धरणाचं पाणी सुटायच्या आधी त्यातला गाळ उपसतात, आणि ते आठ-पंधरा दिवस कुंभकोणममधल्या आमच्या गल्लीला यंत्राच्या खडखडाटातच कॉफी प्यावी लागते. त्या सकाळी खडखडाट मध्येच थांबला. मी शाळेत गणित शिकवते, उन्हाळ्याची सुट्टी होती. मागचं दार उघडून बघितलं, तर यंत्र चालवणारा माणूस डोक्याचा टॉवेल ओंजळीत धरून उभा.

“टीचर, एखादं खोकं मिळेल?” त्याने तमिळमध्ये विचारलं.

टॉवेलात दोन पिल्लं होती. कसली ते आधी कळेचना. अंगभर पिसांच्या बंद नळ्या, जणू सुया टोचलेली उशी, आणि पुढे अंगाला न शोभणारी लांब काळपट चोच. काठाची माती कापताना बीळ फुटलं होतं. एक मोठा पक्षी मातीखाली मेला, दुसरा उडून गेला. “मीन्‌कोत्ती,” तो म्हणाला. म्हणजे खंड्या. उडालेला परत येईल म्हणून आम्ही खोकं काठावर ठेवलं आणि मी छत्री घेऊन शेजारी बसले, कारण समोरच्या शेवग्यावरून दोन कावळे खोक्याकडे बघत होते. संध्याकाळपर्यंत खंड्या आला नाही. कावळ्यांचे मात्र पाच झाले.

खोकं घेऊन घरात आले तेव्हा अम्मा देवापुढे वात लावत होती. तिने वाकून आत पाहिलं.

“पावम्, बिचारीं,” ती म्हणाली. “आईवेगळीं लेकरें. काय देणार गे ह्यांना?”

आता इथे आमचं घर कसलं आहे ते सांगायला हवं. मराठा राजांच्या काळी तंजावरकडे आलेली, इथेच मुरलेली आम्ही मराठी वैष्णव माणसं. बाहेर तमिळ बोलतो आणि घरात अशी मराठी, जी ऐकून पुण्याची माणसं तोंडाला रुमाल लावतात. अशा घरात लहान जिवाला काय द्यायचं हा प्रश्नच नसतो. बाळाला, आजाऱ्याला, परीक्षेला जाणाऱ्याला, मरणाऱ्याला एकच उत्तर: दहीभात. अम्माने स्वतः मऊ कालवला, दही आंबट नाही ना हे चाखून पाहिलं, आणि मी तो बोटाच्या टोकाने त्या चोचींत भरला. त्यांनी गिळलासुद्धा. आम्ही दोघी खूश.

दुसऱ्या दिवशी एकाची मान उचलेना. तिसऱ्या दिवशी सकाळी ते खोक्याच्या कोपऱ्यात ताठ होऊन पडलं होतं, चोचीच्या कडेला भाताचं शीत वाळलेलं.

तेव्हा मला वनखात्याला फोन करायची अक्कल सुचली. पलीकडच्या माणसाने विचारलं, काय खायला घातलंत? मी सांगितलं. मग तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, तो मासे खातो.” मासे, नाकतोडे, रातकिडे, काट्यांसकट, पायांसकट, दर दोन तासांनी. हाताळू नका, लाड करू नका, पिंजरा नको. उडायला लागला की तिथेच, सकाळच्या वेळी सोडा. काही बिघडलं तर घेऊन या.

मीन्‌कोत्ती. नावातच मीन आहे, मासा आहे. बालवाडीतल्या पोराला कळलं असतं. एक पायरी गाळली म्हणून मुलांचे मार्क कापणारी मी, आणि मी एका पिल्लाला दहीभात घालून मारलं होतं. दुसरं अजून हलत होतं. ते जगलंच पाहिजे, एवढं एकच त्या दिवसापासून डोक्यात राहिलं.

“मासा?” अम्मा म्हणाली. “ह्या घरांत?”

“घरात नाही. परसात. अप्पांच्या सायकलच्या खोलीत.”

“वर्ष सरलें नाहीं अजून त्यांचें.”

अप्पांना, माझ्या वडिलांना, जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. पाच मिनिटांनी तिने अटी सांगितल्या. मासा पुढच्या दाराने येणार नाही. कालव्याकडून येईल, कालव्याकडून जाईल. चिमटा वेगळा, साडी वेगळी, आणि त्या साडीत मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही. ऐन उन्हाळ्यात, नळाला दिवसाआड पाणी येत असताना, दिवसाला तीन आंघोळी. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

एक्कावन्न वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच मासळीबाजारात गेले. मासेवालीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“मामी, वाट चुकलात?”

कारण सांगितल्यावर ती खो खो हसली, पण मग हातातलं काम टाकून तिने मला शिकवलं. अयिरै घ्या, बोटाएवढे असतात, पाण्यात जिवंत ठेवून विकते मी. भरवताना डोकं आधी. शेपटीकडून घातलात तर माशाचे पर घशात अडकतील आणि हेही मरेल. ‘हेही’ हा शब्द मला लागला, कारण पहिल्याचं मी तिला सांगितलंच होतं.

घरी आले, नाकाला पदर बांधला, डोळे अर्धे मिटले आणि चिमट्याने मासा पुढे केला. पिल्लाने तो असा हिसकावला की चिमटा हातातून पडला. घशात मासा हळूहळू खाली सरकताना दिसत होता. मी श्वास रोखून बघत होते. शेपटी दिसेनाशी झाली, पिल्लाने डोळे मिटले, आणि मी तिथेच सायकलच्या कॅरियरला धरून रडले.

त्यानंतरचे दिवस भीतीत गेले, दुसरा शब्द नाही. एकदा ते तोंड वासून मान झटकायला लागलं, मला वाटलं संपलं सगळं. तर त्याने काट्यांची आणि किड्यांच्या पायांची एक घट्ट गोळी बाहेर टाकली आणि लगेच पुढच्या माशासाठी ओरडायला लागलं. मागाहून कळलं, हा त्यांचा नेम असतो. पिसांच्या नळ्या फुटल्या, तपकिरी डोकं दिसायला लागलं, गळ्याखाली पांढरं. पाठीवरचा निळा रंग एका सकाळी असा उघडला की मी पदर नाकावरून खाली केला. वास येत होता, पण मी विसरले.

माशाचा वास कावळ्यांनाही येत होता. आणि आमच्या परसात कावळ्यांची काय कमी? तिथेच खरी गाठ होती.

आमच्याकडे रोज देवाला नैवेद्य दाखवला की घरच्यांच्या आधी एक मूद भात कावळ्याला ठेवतात. मागच्या भिंतीवर, पानाच्या तुकड्यावर. हे काम अप्पांचं. चाळीस वर्षं त्याच जागी त्यांनी भात ठेवला आणि “का, का” अशी हाक मारली. ते गेल्यावर अम्मा ठेवायला लागली, आणि आता तो नुसता कावळ्याचा भात राहिला नव्हता. कावळा येऊन शिवला की तिचा चेहरा सैल व्हायचा. उशीर झाला की ती भिंतीपाशी उभी राहायची, आणि तोवर पाण्याचा थेंब घ्यायची नाही.

याचं कारण मला ठाऊक होतं. अप्पा खादाड नव्हते, पण त्यांना धीर नव्हता. सकाळच्या गाडीने आडुतुरैला नोकरीला जायचे, तेव्हापासूनची सवय: आंघोळ नाही, पूजा नाही, आणि स्वयंपाकघरात शिरून वाफाळत्या भाताचा एक घास हातावर घ्यायचा आणि उभ्या उभ्या खायचा. आंघोळीआधीचं खाणं म्हणजे अम्माच्या राज्यात मोठा गुन्हा. “जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही,” ती म्हणायची. “आधी पोटोबा, मग विठोबा,” ते म्हणायचे आणि हात चाटत निघून जायचे. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली तरी हे रोज चालायचं. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी दारातून हात पुढे केला आणि ती म्हणाली, “आधीं आंघोळ.” ते हसले, टॉवेल घेऊन न्हाणीत गेले आणि तिथेच पडले. ते उपाशी गेले, हे तिने कुणालाही सांगितलेलं नाही. मी तिथे होते म्हणून मला माहीत आहे.

आणि सायकलची खोली त्या भिंतीपासून दहा पावलांवर.

एका दुपारी भात खाऊन झाल्यावर एक कावळा उडाला नाही. खोलीच्या खिडकीला तारेची जाळी आहे, तिच्यावर येऊन लोंबकळला आणि आत चोच घातली. मी धावले तोवर त्याने पिल्लाच्या शेपटीची दोन पिसं उपटली होती. पिल्लू खाली पडून चोच उघडी टाकून धापा टाकत होतं. मी खिडकीला पोतं ठोकलं, तशीच त्या साडीत उंबऱ्यापर्यंत आले आणि बाहेरून ओरडले, “अम्मा, उद्यापासून भात पुढच्या ओट्यावर ठेव. नाहीतर आठ दिवस ठेवूच नकोस.”

“त्यांची जागा ती आहे.”

“कावळ्यांना कुठेही चालतं.”

“त्यांना नाहीं चालत.”

“ते कावळे आहेत अम्मा! अप्पा नाहीत!”

ते तोंडातून गेलं. माझं तोंड असंच आहे, वर्गात चालतं, घरात महाग पडतं. अम्माने हातातली पळी खाली ठेवली. त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. कॉफी मिळायची, पण पेला आपटून. भात मात्र बरोबर बाराला त्याच भिंतीवर.

मी मनातल्या मनात तिच्यावर चिडत होते आणि तिला समजतही होते, आणि या दोन्हींचा पिल्लाला काडीचा उपयोग नव्हता. ते आता या भिंतीवरून त्या भिंतीवर उडत होतं. मी घमेल्यात पाणी भरून जिवंत अयिरै सोडायचे. तीन दिवस ते सायकलच्या सीटवर बसून माशांकडे नुसतं बघत राहिलं. चौथ्या दिवशी सूर मारला आणि घमेल्याच्या काठावर आपटलं. मग रिकाम्या चोचीने दहा-बारा वेळा. मग एकदा मासा घेऊन वर आलं, सीटवर धरून आपटला, आणि डोकं आधी गिळला. हे त्याला मी शिकवलं नव्हतं.

आता ठेवणं वाईट होतं. ते जाळीवर धडका देत होतं, एका पंखाची टोकं झिजायला लागली होती. शाळा दोन दिवसांवर आली होती. मेट्टूरचं पाणी सुटल्याची बातमी आली होती, आणि पलीकडच्या काठावरच्या बांबूत रोज सकाळी एक मोठा खंड्या येऊन खिदळल्यासारखा ओरडायचा. तो ओरडला की माझं पिल्लू आत ताठ उभं राहायचं. तिरुविडैमरुदूरच्या भातशेतांकडे नेऊन सोडावं असं एकदा मनात आलं. पण वनखात्याच्या माणसाने बजावलं होतं की जिथलं तिथेच, ओळखीच्या हाकांच्या जवळ. तो पक्षी तिथे नवखा, आणि कावळे कुठे नाहीत? फक्त आमच्याकडे चाळीस वर्षांच्या आमंत्रणावर येतात, एवढाच फरक.

रविवारी सकाळी, सहाला दहा मिनिटं असताना मी खोलीचं दार उघडलं. अम्मा झोपलेली असेल या हिशोबाने. तिला सांगितलं नव्हतं. परसात कावळा दिसत नव्हता. पिल्लू दारावर येऊन बसलं, मान वरखाली केली आणि उडालं.

थेट बांबूत जाईल असं मला वाटलं होतं. मूर्ख! ते शेवग्याच्या अगदी उघड्या फांदीवर बसलं आणि, मला आजही त्याचा राग येतो, जोरात ओरडलं. जगाला कळवलं.

पहिला कावळा छपरावरून आला. दुसरा, तिसरा कुठून आले कळलंच नाही. त्यांनी जो कलकलाट सुरू केला तो ऐकून गल्लीभरचे कावळे जमले. पिल्लू फांदीवरून उडालं, मध्येच वळलं, वरून एकाने त्याला झोडपलं आणि ते कपडे धुण्याच्या दगडाशी येऊन पडलं. मी छत्री घेऊन धावले. ते दगडाच्या सांदीत शिरलं होतं, एक पंख पसरलेला, चोच उघडी. मी त्याच्यावर छत्री धरून उभी. भिंतीवर सात, दगडापलीकडे चार, शेवग्यावर किती ते मोजायला मान वळवायची सोय नव्हती. बाहेर काढलं तर फाडतील. आत हात घातला तर घाबरून ते स्वतःच बाहेर पडेल. एक कावळा जमिनीवरून चालत चालत दगडाच्या दुसऱ्या तोंडाशी जात होता. मी त्याच्यावर चप्पल फेकली. तो एक उडी मागे सरला आणि पुन्हा चालायला लागला. दहीभाताने एक मारलं, आता हे माझ्या डोळ्यांदेखत.

आणि तेव्हा घराच्या पुढच्या बाजूने आवाज आला.

“का... का... का...”

कावळ्यांनी माना वर केल्या. मीही केली. सकाळचे सहा वाजले होते. बाराची हाक सहाला.

“का... का... या, या...”

भिंतीवरचे दोन उडाले. मग तीन. मग घराच्या छपरावरून सगळे काळे पुढच्या गल्लीकडे गेले. दगडाशी चालत आलेला तो शेवटपर्यंत थांबला, माझ्याकडे पाहिलं, आणि तोही गेला. मी छत्री बाजूला केली. “जा,” मी म्हणाले. “जा ना, जा!” पिल्लू बाहेर आलं, अंग झटकलं, आणि जमिनीला लागून, भिंतीतल्या मोरीतून, कोरड्या कालव्याच्या पात्रात उतरलं. मी भिंतीपाशी पोचले तेव्हा निळा रंग पलीकडच्या काठावर बांबूत शिरताना दिसला. थोड्या वेळाने तिथून मोठा खंड्या ओरडला. त्यामागून एक बारीक, घोगरा आवाज आला. तो त्याचाच असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

घरातून धावत पुढे गेले. साडीचं, उंबऱ्याचं भान नव्हतं. अम्मा ओट्यावर उभी होती. रात्रीची चुरगळलेली साडी, केस सुटलेले, तोंडही धुतलेलं नाही. हातात आदल्या रात्री पाणी घालून ठेवलेल्या शिळ्या भाताचं पातेलं. ती मुठीमुठीने भात गल्लीत टाकत होती आणि तिच्या पायांशी कावळेच कावळे. समोरच्या घरातली मामी झाडू हातात धरून बघतच राहिली होती.

“गेलें?” अम्माने विचारलं.

“गेलं.”

तिने पातेलं पालथं करून उरलेलं शीतन्‌शीत टाकलं आणि न बोलता न्हाणीत गेली. त्या भांडणानंतरचा तिचा हा पहिला शब्द.

बाराला तिने नेहमीसारखा भात मागच्या भिंतीवर ठेवला. आंघोळ झालेली, कपाळावर नाम, नैवेद्य झालेला. हाक मारली. कुणी आलं नाही. पुन्हा मारली. शेवगा रिकामा, छप्पर रिकामं. अर्धा तास गेला. उन्हात ती भिंतीला धरून उभी, आणि मी मागच्या दारात. एका पक्ष्यासाठी मी तिचं हे काय करून ठेवलं? मी तिच्याजवळ गेले.

“अम्मा, माझं चुकलं. मी तेव्हा तसं बोलायला नको होतं.”

तिने ऐकलं की नाही कोण जाणे. ती पानावरच्या भाताकडे बघत होती.

“खाऊन गेले,” ती म्हणाली. “सकाळींच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाहीं म्हणें. मेल्यावर तरी कोठें गेली?”

आणि तिला हसू आलं, मग ते हसणं मोडलं. चार-पाच महिन्यांत ती माझ्यासमोर पहिल्यांदा रडत होती. मी तिचा हात धरला.

“त्या दिवशीं नाहीं दिलें गे मी,” ती म्हणाली. “आज दिलें. आंघोळीच्या आधीं, माझ्या हातानें.”